विनी गॅव्हिगनचा गुरुवारचा हंडा

महिन्याचा पहिला गुरुवार जवळ आला की विनी गॅव्हिगन दिवस मोजू लागायची. बुधवारी दुपारपासूनच तिचा नवरा मल्की अस्वस्थ व्हायचा. खिडकीशी जायचा, रस्त्याकडे बघायचा, परत येऊन विचारायचा, "फळ्या लावल्यास का गं?"

क्लूनाडा या आयरिश गावाच्या मुख्य रस्त्यावर गुरांचा बाजार भरायचा तेव्हा सगळी घरं खिडक्यांना बाहेरून फळ्या ठोकून घ्यायची. नाहीतर एखादं बुजलेलं खोंड शिंग घालून काच फोडणार हे ठरलेलं. पण बाजार रस्त्यावरून उठला त्याला पंधरा वर्षं झाली होती. गुरं आता गावाबाहेरच्या मार्टमध्ये ट्रकमधून उतरायची, लोखंडी कठड्यांमधून गोल फिरायची, आणि एक माणूस माइकवरून लिलाव पुकारायचा. फळ्यांचं तर कधीच कोंबड्यांचं खुराडं झालं होतं.

हे विनीने मल्कीला पहिल्या वर्षी समजावून सांगितलं. दुसऱ्या वर्षी भांडून सांगितलं. तिसऱ्या वर्षापासून ती नुसतं म्हणायची, "लावल्या."

"आणि मटण?"

"आणलंय."

"मानेचं ना?"

"मानेचंच. जा आता, चहा पी."

आणि खरोखरच आणलेलं असायचं. गुरुवारी सकाळी चुलीवर स्टूचा हंडा दिसला नाही, तर मल्की डोक्याला टोपी घालून, हातात काठी घेऊन, गुरं कुठे अडली ते बघायला रस्त्याला लागायचा. हंडा दिसला, वास आला, की मागच्या खोलीत जाऊन उपड्या खोक्यावर बसायचा आणि स्टूबरोबर वाढायचे बटाटे सोलायचा. विनीने साधा हिशोब केला होता. दिवसभर त्याच्यामागे पळण्यापेक्षा सकाळी लवकर उठून हंडा चढवणं सोपं.

सोपं म्हणायचं एवढंच. पासष्ट वर्षांच्या बाईला तो लोखंडी हंडा उचलताना कंबर धरावी लागायची. आणि स्टू व्हायचा पंधरा माणसांचा. त्याहून कमी बटाटे सोलायला दिले तर मल्की म्हणायचा, "एवढंच? आज बाजार नाही का?" मग दुपारी विनी डबे भरून गल्लीत वाटत फिरायची. शेजारणी आधी आवडीने घ्यायच्या. पुढे पुढे दार उघडताना त्यांच्या चेहऱ्यावर "आला का गुरुवार" असं स्पष्ट दिसायचं.

विनी या घरात आली ती १९३४ साली, बावीस वर्षांची. तिचं माहेर वर डोंगरात, मेंढ्यांच्या वस्तीवर. लग्न ठरवलं ते मेंढ्यांचे सौदे जुळवणाऱ्या एका हेड्याने. तिच्या बापाला म्हणाला, "मुलगा बोलत नाही फार, पण दारूही पीत नाही. आणि घरात खाणावळ आहे. पोरगी उपाशी मरायची नाही." ते खरंच निघालं. मल्की गॅव्हिगन बोलायचा नाही. एरवी तो सरकारी रस्त्यांवर खडी फोडायला जायचा आणि बाजाराच्या दिवशी घरी राहून बटाटे सोलायचा. गिऱ्हाइकांसमोर यायला लाजायचा. पहिल्या बाजाराला नवी सून मागच्या खोलीत बादली न्यायला गेली, तेव्हा त्याने एका बटाट्याचं अख्खं साल न तुटता काढून तिच्यासमोर धरलं आणि कान लाल होईपर्यंत हसला. त्यांच्या लग्नातलं पहिलं संभाषण ते.

खाणावळ सासूची, ऑनर गॅव्हिगनची. उंच, काटक, तोंडात मातीची चिलीम. सुनेला पहिल्याच दिवशी चुलीपुढे उभं करून तिने सांगितलं, "मटण, बटाटा, कांदा, पाणी, मीठ. फार तर बागेतली थोडी थाइमची पानं. याच्यापुढे कुणाला हंड्यात पाऊल ठेवू द्यायचं नाही."

"गाजर?" विनीने विचारलं. तिच्या माहेरी आई घालायची.

"गाजर घोड्याला घालतात. आपल्याकडे जेवायला येतात त्यांना दोनच पाय असतात. निदान येताना तरी."

समोरच्या गल्लीतल्या खाणावळीत गाजर घालायचे, वर मूठभर बार्लीही. ऑनरच्या लेखी ती माणसं धर्म बुडवून बसली होती. पुढे त्या घरातली मुलगी नन व्हायला गेली तेव्हाही ती म्हणाली, "बरं झालं. कुणीतरी प्रायश्चित्त घ्यायलाच हवं होतं."

थर लावायची रीत तिने विनीचा हात धरून शिकवली. तळाला लवकर विरघळणारा पिठूळ बटाटा. त्याने रस दाट होतो, पिठी लावावी लागत नाही. त्यावर कांदा, मग मानेचं हाडासकट मटण, पुन्हा कांदा, आणि वर जो शिजूनही अख्खा राहतो तो बटाटा. पाणी बुडेल एवढंच. मग हंडा चुलीवरच्या आकड्याला अडकवायचा, खाली टर्फचा, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटांचा, मंद जाळ ठेवायचा, आणि चार तास झाकण उघडायचं नाही. हलवायचं तर नाहीच. "बघितल्याने शिजत नाही," ऑनर म्हणायची. "नवऱ्यासारखंच आहे ते."

चार तास का, ते तिने एकदा कांदे चिरताना सांगितलं. तिच्या आजीच्या काळी मेंढी अशी ऊठसूट कापत नसत. ती लोकर द्यायची, दूध द्यायची. म्हातारी होऊन दात पडले की मगच तिला सुरी लागायची, आणि मग त्या चिवट मांसाला तासन्‌तास पाण्यात ठेवल्याशिवाय इलाज नसायचा. कधी डोंगरातल्या शेळीचं करडू मिळायचं. "गाय जमीनदाराची, डुक्कर जमीनदाराचं," ऑनर म्हणाली. "आपल्या वाट्याला म्हातारी मेंढी आणि बटाटा. लोक आता म्हणतात वा, काय चव आहे! चव कसली, दुसरं काही नव्हतंच घरात."

"आणि मग?" विनीने विचारलं.

"मग बटाटाही कुजला," ऑनर म्हणाली, आणि चिलीम पेटवायला बाहेर गेली. दुष्काळाच्या त्या वर्षांबद्दल ती याहून जास्त कधी बोलली नाही. विनीला एवढंच ठाऊक झालं की ऑनरची आई तेव्हा सात वर्षांची होती. जिल्ह्याच्या गावातल्या गरीबखान्याच्या फाटकाशी ती आपल्या दोन भावांबरोबर पोहोचली होती, आणि परत आली तेव्हा एकटी होती.

बाजाराच्या दिवशी पहाटे चारला हंडे चढायचे. सहा वाजता डोंगरातून गुरं उतरू लागायची. धुक्यात आधी आवाज यायचा, मग वास, मग शिंगं. आठ वाजता रस्ता भरून जायचा आणि दाराच्या पायरीपर्यंत शेणाचा चिखल व्हायचा. अकराच्या सुमाराला पहिले सौदे तुटायचे आणि माणसं आत यायची. टोपी गुडघ्यावर ठेवून, ओल्या कोटांच्या वाफेत बसायची. काय आहे जेवायला, असं कुणी विचारायचं नाही. विनी ताटली ठेवायची, शेजारी बटाट्यांचा वेगळा ढीग, ताकाचा पेला. बाजार गुरुवारी असायचा म्हणून बरं. शुक्रवारी कॅथलिकांना मटण चालत नाही. ऑनर म्हणायची, "ज्या कुणा शहाण्याने गुरुवार ठरवला, त्याच्यासाठी मी रोज एक प्रार्थना म्हणते."

एकदा दोन शेतकरी एका कालवडीवरून सकाळपासून हटून बसले होते. हेड्याने दोघांचे हात ओढून ओढून खांदे निखळवले तरी जमेना. शेवटी त्याने दोघांना आणून विनीच्या एकाच बाकावर बसवलं. जेवण उरकत आलं. मग त्यातला एक ताटली पुसता पुसता म्हणाला, "कालवड वाईट नाही रे." दुसरा म्हणाला, "तुझी किंमतही वाईट नाही." हातांवर थुंकून ते एकमेकांवर आपटले. विनीचं नाव त्या दिवसापासून डोंगरभर झालं. गॅव्हिगनकडचा स्टू खाल्ला की माणूस नरम येतो म्हणे.

अशी अठ्ठावीस वर्षं गेली. ऑनर मधेच वारली. तिच्या अंत्यविधीला आलेल्या साऱ्या गावाला विनीनेच जेवायला घातलं, आणि रडायचं राहून गेलं. मुलगी झाली, तिचं नाव इटा. ती मोठी होऊन समुद्रापलीकडे कॉव्हेंट्रीला नर्स म्हणून गेली. मग बासष्ट साली मार्ट उघडलं, आणि रस्ता एका महिन्यात असा स्वच्छ झाला की बघवेना. दोन वर्षं विनीने खाणावळ रेटली. चार म्हातारे यायचे. मग दोन. मग तिने दारावरची पाटी काढली. मल्कीने ती पाटी कोरडी करून माळ्यावर ठेवली.

चौऱ्याहत्तर सालापासून तो विसरू लागला. आधी नावं, मग वाटा, मग वर्षं. गेलेल्या वर्षांपैकी त्याच्याकडे राहिला तो बाजार.

खाटीक डॉमनिक टनी दर महिन्याला तिच्यासाठी म्हातारं मटण शोधून आणायचा आणि दर महिन्याला कटकट करायचा. "विनी, कोकराचं घेऊन बघ ना एकदा. पाऊण तासात शिजतं. पाच वर्षांचा मेंढा आता पाळतंय कोण? सगळी कोकरं थंडीच्या आत विकून मोकळे होतात."

तिने एकदा कोकराचं करून पाहिलं. मल्कीने एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. स्वतःच्या मुलीचं नाव त्याला आठवत नव्हतं, पण म्हणाला, "हे आपल्या घरचं नाही."

"आता हे बघ," विनी डॉमनिकला दुसऱ्या दिवशी म्हणाली. "मी कोण ते विचारलं तर डोकं खाजवतो. मेंढीचं वय मात्र बरोबर सांगतो."

डॉमनिक हसला, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला. "तू झोपतेस का गं?" त्याने विचारलं.

"झोपते की. उभ्याने."

सत्त्याहत्तरच्या नोव्हेंबरात पहिल्या गुरुवारी विनी तापाने फणफणली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला जाग आली नाही. डोळे उघडले तेव्हा उजाडलेलं होतं, चूल थंड होती, आणि पुढचं दार सताड उघडं. टोपी नाही, काठी नाही, माणूस नाही.

ती नाइटगाउनवर कोट चढवून रस्त्यावर आली. पाऊस बारीक पडत होता. चर्चपर्यंत गेली, पुलापर्यंत गेली, कठड्यावरून वाकून पाण्यात बघू लागली. तेवढ्यात ऑवनी रॅफ्टरीचा गुरांचा ट्रक शेजारी येऊन थांबला.

"चढ वर," ऑवनी म्हणाला. "घाबरू नकोस. सापडलाय. तीन मैलांवर भर रस्त्यात उभा होता, हात पसरून. माझाच ट्रक अडवला. म्हणतो, गुरं चालवत आण, अशी कोंडून आणलीस तर वजन उतरतं."

"कुठाय?"

"मार्टला. घरी यायला तयार होईना, म्हणून जोसीच्या कॅन्टीनमध्ये बसवला. रंगात आलाय गडी."

ट्रकमध्ये शेणाचा उबदार वास होता. विनीने डोकं काचेला टेकलं. वर्षानुवर्षं नाकात बसलेला तो वास आला आणि तिला एकदम झोप येऊ लागली. असंच पुढे पुढे जात राहावं, उतरूच नये, असं तिला वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली.

कॅन्टीनमध्ये ट्यूबलाइटखाली प्लॅस्टिकची टेबलं होती. मल्की गल्ल्यामागे, एका उपड्या खोक्यावर बसला होता. गुरांचं हंबरणं ऐकून त्याचा चेहरा तरुण झाल्यासारखा दिसत होता. पण हात मोकळे होते आणि ते हात काहीतरी शोधत होते.

"अगं, सुरी दे," तो जोसीला म्हणत होता. "माणसं यायची वेळ झाली. बटाटे कुठायत?"

जोसी जाड, मायाळू बाई. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मल्की, बटाटे नाहीत रे बाबा. पाकिटात पूड येते आता. गरम पाणी घातलं की झालं."

"पूड?"

"हो रे. बघ." तिने पाकीट दाखवलं.

मल्कीने पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, हलवून पाहिलं. मग त्याचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला. टेबलांवरचे शेतकरी आपापल्या ताटल्यांत बघू लागले. त्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी त्याने सोललेले बटाटे खाल्ले होते.

विनी पुढे झाली. "चल मल्की. घरी चल."

त्याने तिच्याकडे पाहिलं. उठून टोपी काढली, अनोळखी बाईसमोर काढतात तशी. "बाई," तो म्हणाला, "तुमच्या इथे विनी म्हणून कुणी आहे का? तिला निरोप द्या. मला उशीर होईल म्हणावं."

विनीने खुर्ची ओढली आणि बसली. तिला रडू आलं नाही. फार दमल्यावर पायातला जोडा काढायचंही सुचत नाही, तसं काहीसं झालं होतं. "देते निरोप," ती म्हणाली.

इटा नाताळला आली. तीन दिवस तिने गुपचूप बघितलं. चौथ्या दिवशी भांडी विसळताना म्हणाली, "आई, त्यांना होममध्ये ठेवू या."

"कुठल्या?"

"जिल्ह्याच्या गावातल्या. दुसरं आहे कुठलं?"

"तो गरीबखाना आहे."

"होता. शंभर वर्षांपूर्वी."

"तुझ्या आजीची आई त्या फाटकाशी दोन भाऊ ठेवून आली, इटा. आणि मी तिच्या नातवाला तिथे नेऊन टाकू?"

"आई, आता तिथे हीटर आहेत. तुझ्याकडे नाहीत." इटाने ताटली खाली ठेवली. "मी नर्स आहे. मी रोज बघते. आधी आजारी माणूस जात नाही, आधी त्याची बायको जाते. तू आरशात बघितलंस का स्वतःला?"

"आरसा तुझ्या बापाने फोडला. त्याला वाटलं घरात म्हातारा चोर शिरलाय."

दोघी हसल्या. मग हसता हसता इटा रडली, आणि विनीने ओल्या हाताने तिची पाठ थोपटली. पण हो म्हणाली नाही. इटा परत गेली.

ती हो म्हणाली फेब्रुवारीत, आणि त्याला कारण ठरला एक चमचा. गुरुवारची सकाळ होती. हंडा शिजत आला होता. मल्कीने खोक्यावरून उठून, सालांची बादली आणली आणि चिखलासकट सालं हंड्यात ओतली. चार तासांचं शिजणं, डोंगरात शोधून आणलेलं मटण, तिची पहाट. विनीने हातातला लाकडी चमचा त्याच्या मनगटावर मारला. जोरात. पुन्हा मारला.

मल्कीने हात जवळ घेतला. त्याच्यावर लाल वळ उठला होता. तो वळाकडे बघून हळूच म्हणाला, "चुकलं आई. पुन्हा नाही करणार."

विनी दाराबाहेर आली आणि पायरीवर बसली. थंडी होती, तिला लागली नाही. चव्वेचाळीस वर्षांत त्याने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, तिनेही नाही. बऱ्याच वेळाने ती उठली, समोरच्या दुकानात गेली आणि डॉक्टरला फोन केला. "मी विनी गॅव्हिगन," ती म्हणाली. "मला आता होत नाही." एवढं वाक्य बोलायला तिला तीन वर्षं लागली होती.

मार्चमध्ये ऑवनीने आपल्या गाडीतून दोघांना नेलं. फाटक जुनंच होतं, भिंती जाड आणि करड्या. आत मात्र पिवळा रंग दिलेला, आणि खरंच गरम. विनीने मल्कीचे कपडे कपाटात लावले, मोज्यांच्या जोड्या त्याला कशा लागतात ते सांगितलं. दोन आठवडे येऊ नका, त्यांना रुळू द्या, असं तिथलं सगळं बघणाऱ्या नन्सपैकी मोठ्या सिस्टर म्हणाल्या. घरी आल्यावर विनी कोट न काढता पलंगावर आडवी झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. उठल्यावर पहिला विचार आला तो असा, की किती छान झोप लागली. दुसरा विचार आला, तेव्हा तिने उशीत तोंड खुपसलं.

दोन आठवड्यांनी ती बसने गेली, तेव्हा मल्की वॉर्डात नव्हता. एका परिचारिकेने तिला लांब दगडी बोळातून स्वयंपाकघरात नेलं. तिथे भली मोठी शेगडी, आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या सिस्टर गोंझागा. किलकेनीकडच्या, आवाज मार्टमधल्या लिलाववाल्यासारखा. आणि भिंतीशी स्टुलावर, एप्रन बांधून, मल्की. पुढे बटाट्यांचं घमेलं.

"हा तुमचा माणूस होय?" सिस्टर म्हणाल्या. "सोनं आहे हो सोनं. तिसऱ्या दिवशी स्वतःच हुंगत हुंगत इथे आला. तेव्हापासून मला बटाट्याला हात लावू देत नाही. एकशे दहा माणसांचे सोलतो."

"त्रास नाही ना देत?"

"छे. फक्त मला आई म्हणतो. सवय झालीय. एवढी वर्षं सगळे सिस्टरच म्हणतात, आई म्हणणारा हा पहिलाच."

विनी मल्कीजवळ गेली. तो स्वच्छ न्हालेला, दाढी केलेला होता, थोडा जाडसुद्धा झाला होता. तीन वर्षांत तिच्याकडे कधी एवढा शांत नव्हता. विनीला जे वाटलं ते आनंदाचं नव्हतं, हे तिला स्वतःलाही कबूल करावं लागलं. ती पहाटे उठून, कंबर धरून जे करत होती, ते इथे एका परक्या बाईला न मागता जमलं होतं.

"कसा आहेस?" तिने विचारलं.

मल्कीने वर पाहिलं. तिचा कोट पाहिला, पावसाने भिजलेले जोडे पाहिले. मग सिस्टरकडे वळून म्हणाला, "आई, या बाई लांबून आल्यात. दमल्यात बघ किती. त्यांना बसायला दे. जेवायला वाढ."

"ऐकलंत?" सिस्टर गोंझागा म्हणाल्या. "बसा. इथे त्याचंच चालतं."

त्यांनी टेबलाशी खुर्ची ओढली आणि तिच्यापुढे ताटली ठेवली. बाजार चालू असताना विनीने स्वतःचं जेवण कधी उभ्याने, कधी हंड्यात वाकून, कधी संध्याकाळी थंड झालेलं खाल्लं होतं. कुणी वाढून पुढे ठेवलेला स्टू तिला आठवतच नव्हता. तिने चमचा घातला. नारिंगी तुकडे वर आले, आणि बार्ली.

"गाजर घालता तुम्ही," ती म्हणाली.

"दात नसतात त्यांना. मऊ लागतं, गोड लागतं. चालत नाही का तुमच्याकडे?"

"सासू बघत असेल वरून."

"बघू दे. तिला म्हणावं, खाली येऊन एकशे दहा ताटल्या वाढ."

विनीने खाल्लं. रस पातळ होता, मटण कोकराचं होतं, आणि तिने ताटली पावाने पुसून संपवली. मल्की मधून मधून तिच्याकडे बघत होता, गिऱ्हाइकाचं पोट भरतंय की नाही हे बघावं तसा. तिचं झाल्यावर त्याने विचारलं, "पुरलं ना?"

"पुरलं," विनी म्हणाली.

मग ती दर गुरुवारी जाऊ लागली. तो तिला कधी ओळखायचा नाही. "त्या लांबून येणाऱ्या बाई" एवढंच तिचं नाव पडलं. घरी जाताना तो दारापर्यंत यायचा आणि म्हणायचा, "सावकाश जा हं. रस्त्यावर गुरं असतील." एकदाच, एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात, त्याने एका बटाट्याचं अख्खं साल काढून तिच्यासमोर धरलं. तिने वाट पाहिली. पण त्याने ते घमेल्यात टाकलं आणि पुढचा बटाटा घेतला.

त्या हिवाळ्यात न्यूमोनियाने तो गेला, तीन दिवसांत, फारसा त्रास न होता. विनी जवळ होती, सिस्टर गोंझागाही. त्याचा एक हात हिच्या हातात, एक तिच्या.

अंत्यविधीला लोकांना वाटलं विनी स्टू करील. तिने केला नाही. डॉमनिकच्या बायकोने आणि जोसीने सँडविचं केली, चहा केला, आणि विनी काळ्या कोटात कोपऱ्यात बसून आल्यागेल्याशी बोलली. महिन्याने सिस्टरांचा निरोप आला, की आठवड्यातून दोन दिवस स्वयंपाकघरात मदतीला या, हात कमी पडतात. विनीने उलट निरोप धाडला, "माफ करा. माझे हात थकले आता."

वसंतात इटा तिला कॉव्हेंट्रीला घेऊन गेली. इटाचं घर छोटं, विटांचं, मागे हातभर बाग. पहिल्या दुपारी इटा कामावर जायच्या आधी घाईत विचारत होती, "आई, संध्याकाळी काय करू? मासे आणू? का मटण? इथे आयरिश खाटीक आहे एक, मानेचं देतो."

"अंडं उकड एक," विनी म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच. आणि तो पडदा जरा ओढ गं."

इटाने पडदा ओढला, आईच्या पायांवर शाल टाकली. दारापर्यंत गेली, काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून वळली, तर विनी खुर्चीतच झोपली होती, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे.